दिलेला शब्द आणि न मिळालेली जमीन
(प्रस्तावना)

१७९० साली, आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस लंडनला जायला निघाला. आयुष्याची बरीच वर्षे तो गुलाम होता. पुढे ब्रिटिश सैन्यात शिरून सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि युद्धात दोनदा जखमी झाला. आता त्याच्याजवळ सुमारे दोनशे कृष्णवर्णी कुटुंबांच्या वतीने बोलण्याचे मुखत्यारपत्र होते. वाटेत एखाद्या कप्तानाने त्याला वेस्ट इंडीजच्या बंदरात नेऊन विकले असते, तर त्याची दाद-फिर्याद कुठेच लागली नसती. हे ठाऊक असूनही तो गेला. ब्रिटिश सरकारला त्याला एवढेच सांगायचे होते : युद्धात आम्ही तुमच्या बाजूने उभे राहिलो, तेव्हा तुम्ही शब्द दिला होता, युद्ध संपून सात वर्षे झाली, आमची जमीन अजून आमच्या हाती आलेली नाही.

थॉमस पीटर्स हे त्याचे नाव. हे पुस्तक त्याच्याभोवती रचलेले आहे. पण त्याच्या निमित्ताने ते एका मोठ्या, मराठीत जवळजवळ न सांगितल्या गेलेल्या हकिकतीत शिरते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढलेले, युद्ध हरलेले आणि मग घरदार सोडून परमुलखात नव्याने वसलेले जे सैनिक, त्यांची ही हकिकत आहे.

हस्तलिखित वाचायला घेतले तेव्हा मी पहिल्यांदा अडखळलो तो एका शब्दापाशी. या लोकांना इंग्रजीत ‘लॉयलिस्ट’ म्हणतात. मराठीत त्याला सरळ ‘राजनिष्ठ’ म्हणावे, तर आपल्या मनात लगेच रावबहादूर, दरबारातल्या खुर्च्या आणि साहेबाला घातलेले हार उभे राहतात. ज्या समाजाने इंग्रजी राज्याशी झगडून स्वातंत्र्य मिळवले, त्याच्या भाषेत हा शब्द निर्मळ राहणे शक्यच नव्हते. लेखिकेने ‘निष्ठावंत’ हा शब्द पत्करला आहे. मला तो बरा वाटतो, पण पुरा वाटत नाही. निष्ठा म्हटले की आपण फक्त खालून वर पाहतो : शिपायाची धन्याशी, रयतेची राजाशी. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असे म्हणतात, त्यातही जागण्याचे काम खाणाऱ्याचेच. मीठ देणाऱ्यानेही काही कबूल केलेले असते, ते त्याने पाळले की नाही, हा प्रश्न त्या वाक्प्रचारात येतच नाही. या सैनिकांच्या बाबतीत मात्र मला तोच मुख्य प्रश्न वाटतो. त्यांची निष्ठा हा एक व्यवहार होता, दोन्ही बाजूंनी शब्द दिलेला. सैनिकाने आपला शब्द रणांगणावर पाळला. राजाची पाळी आली ती युद्ध संपल्यावर, मोजणीदाराची साखळी आणि शिध्याची पिंपे घेऊन. म्हणून या माणसांची गोष्ट युद्धाबरोबर संपवणे म्हणजे ती अर्ध्यावर सोडणे होय.

नव्या वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १७७५ ते १७८३ या काळात उत्तर अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहती आपल्या राजाविरुद्ध लढल्या आणि स्वतंत्र झाल्या. शाळेत आपण हे युद्ध इंग्रज विरुद्ध अमेरिकन असे शिकतो. प्रत्यक्षात ते पुष्कळ ठिकाणी घराघरातले युद्ध होते. दक्षिणेत किंग्ज माउंटन येथे ७ ऑक्टोबर १७८० रोजी झालेल्या लढाईत राजाच्या बाजूने सुमारे हजार माणसे होती. त्यांत ब्रिटनचा म्हणावा असा माणूस जवळजवळ एकच, त्यांचा सेनापती पॅट्रिक फर्ग्युसन. बाकी दोन्हीकडचे सगळे अमेरिकन, कित्येक एकमेकांचे शेजारी. पॉल स्मिथ या अभ्यासकाने १९६८ साली पलटणींच्या हजेरीपटांवरून हिशेब मांडला, त्यानुसार राजाच्या ‘प्रांतिक’ पलटणींत सुमारे १९,००० अमेरिकनांनी चाकरी केली, आणि गोऱ्या लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा राजाच्या बाजूचा होता.

या पलटणींची नावे वाचकाला पुढे वारंवार भेटतील : क्वीन्स रेंजर्स, न्यू जर्सी व्हॉलंटियर्स, सर जॉन जॉन्सनची न्यूयॉर्कची रॉयल रेजिमेंट, नायगाराकडची बटलर्स रेंजर्स. सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळांना हिरवे डगले मिळाले, नंतर बहुतेकांना नेहमीचे लाल. भरती होणारे कोण होते? बोस्टनचे बडे व्यापारी आणि अँग्लिकन पाद्री एवढेच निष्ठावंत, ही समजूत सोडून द्यायला हवी. उत्तर कॅरोलिनात नुकते स्थायिक झालेले स्कॉटिश डोंगरी लोक होते. हडसनच्या खोऱ्यातली कुळे होती, ज्यांचा जमीनदार बंडवाल्यांना मिळाला म्हणून ती राजाकडे गेली. मोहॉक आणि त्यांच्या सहकारी जमाती होत्या. आपल्या शिकारीच्या मुलखावर वसाहतवाल्यांचे डोळे आहेत हे त्यांना पक्के कळले होते. आणि गुलाम होते.

या शेवटच्यांसाठी राजाची बाजू म्हणजे काय होती, हे नीट पाहायला हवे. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. बंडखोरांचे, हे लक्षात ठेवावे. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना हा जाहीरनामा लागू नव्हता. डनमोरला गुलामगिरीशी भांडण नव्हते, त्याला शत्रूचे हात तोडायचे होते. तरी तो कागद वाऱ्यासारखा पसरला. शेकडो माणसे त्याच्याकडे पोचली आणि त्यांतली कित्येक १७७६ मध्ये देवीच्या साथीत मेली. त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनात केप फिअर नदीच्या मुखाशी जनरल हेन्री क्लिंटनचा तळ पडला. जवळच्या विल्मिंग्टन गावातल्या विल्यम कॅम्पबेल नावाच्या मालकाच्या घरून थॉमस पीटर्स पळाला तो इथे आला. क्लिंटनने अशा माणसांची एक तुकडी उभी केली, ‘ब्लॅक पायोनियर्स’. आपण स्वखुशीने भरती होत आहोत, अशी शपथ त्यांच्याकडून घेतली. त्यांना शिधा, कपडे आणि पगार नियमित मिळावा, त्यांना बरे वागवावे आणि बंड मोडल्यावर, आपल्या हाती असेल तितके, त्यांना स्वातंत्र्य मिळावे, असे क्लिंटनने त्यांच्या गोऱ्या कप्तानाला सांगून ठेवले. ‘आपल्या हाती असेल तितके’ ही पाचर तेव्हाच मारून ठेवलेली होती.

पायोनियर्सचे काम फावड्या-कुऱ्हाडीचे. रस्ते मोकळे करायचे, खंदक खणायचे, छावणी झाडायची, फिलाडेल्फियासारखे शहर ताब्यात आले की रस्त्यांवरची घाण उचलायची. लढाईच्या वर्णनांत ही माणसे दिसत नाहीत, आणि ती नसती तर फौज हललीही नसती. १७७६ ते १७८३ या काळात पीटर्स त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरला. या भागातले लेखिकेचे काम मला अतिशय मोलाचे वाटते. तिने लढायांचा क्रम बाजूला ठेवून छावणीचा दिवस कसा उजाडत आणि मावळत असेल हे दाखवले आहे.

तुलनेसाठी तिने जेम्स मूडी हा गोरा निष्ठावंत घेतला आहे. न्यू जर्सीचा हा शेतकरी शत्रूच्या प्रदेशात रात्री शिरून टपाल लुटायचा आणि कैदी सोडवायचा. पकडला गेला, पळाला. त्याचा भाऊ फिलाडेल्फियात फासावर गेला. मूडीने आपल्या पराक्रमांची कथा १७८२ साली लंडनमध्ये छापून घेतली आणि पुढे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जमीन मिळवून तिथेच तो वारला. त्याच्या कथेत धाडस भरपूर आहे, पण युद्ध संपल्यावर तिच्यात फारसे काही शिल्लक राहत नाही. पीटर्सचे नेमके उलट आहे.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. आपल्या बाजूच्या अमेरिकनांना शिक्षा होऊ नये असे एक कलम त्याने मसुद्यात घातले होते. अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने ते नाकारले. एक जहाज झडती न घेता जाऊ द्यायचे, एवढी मुभा मिळाली आणि जे चढू शकले ते वाचले. कृष्णवर्णीयांना तर त्याआधीच वाईट दिवस दाखवले गेले होते. वेढ्यात अन्न संपत आले, देवीची साथ पसरली, तेव्हा ज्यांनी कॉर्नवॉलिसचे खंदक खणले त्यांनाच तटाबाहेर हाकलण्यात आले.

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाच्या सातव्या कलमात लिहिले होते की ब्रिटिशांनी परतताना ‘नीग्रो अथवा इतर मालमत्ता’ बरोबर नेऊ नये. या कलमाची खबर तात्पुरत्या तहापासूनच न्यूयॉर्कमध्ये पसरली होती. दक्षिणेतले मालक आपापली माणसे शोधत शहराच्या गल्ल्यांतून फिरू लागले. तिथला ब्रिटिश सेनापती सर गाय कार्लटन याने घेतलेली भूमिका हे या साऱ्या इतिहासातले एक मानाचे पान आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. ६ मे १७८३ रोजी वॉशिंग्टनशी झालेल्या भेटीत त्याने सांगितले की ज्यांना आमच्या जाहीरनाम्यांनी स्वातंत्र्य दिले ते आता मालमत्ता नाहीत. त्यांना परत देणे हा राष्ट्राच्या शब्दाचा भंग होईल. मालकांना पुढेमागे भरपाई मागायची झाली तर नोंद असावी, म्हणून त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची वही करवली. ‘बुक ऑफ नीग्रोज’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात सुमारे ३,००० जणांची नावे, वय, अंगकाठी, पूर्वीचा मालक आणि जहाज नोंदलेले आहे.

ही वही माणसांना मुक्त म्हणून नोंदवते आणि त्याच ओळीत ते कोणाचे होते हेही लिहून ठेवते. तिच्यात हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक त्रेचाळीस वर्षांचा माणूस आहे. त्याच्या मालकाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. आणि तिच्यात थॉमस पीटर्स आहे, त्याची बायको सॅली आहे, मुले आहेत. १७८३ च्या अखेरीस ते ज्या जहाजावर चढले ते वादळात भरकटून बर्म्युडाला लागले. सगळा हिवाळा तिथे काढून मे १७८४ मध्ये ही मंडळी नोव्हा स्कोशियातल्या अ‍ॅनापोलिसला पोचली. तोवर आधी आलेल्यांनी बऱ्या जमिनींवर हक्क सांगून झाला होता.

इथून पुढे निर्वासाचा भाग सुरू होतो. माया जॅसनॉफ या इतिहासकार बाईंच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६०,००० निष्ठावंतांनी देश सोडला आणि आपल्याबरोबर सुमारे १५,००० गुलाम नेले. जमैका आणि बहामाकडे गेलेल्यांच्या सामानात माणसेही होती, हे विसरून चालणार नाही. एकाच साम्राज्याने एकाच वर्षी काहींना मोकळे केले आणि काहींना साखळीसकट हलवले. सर्वांत मोठा लोंढा नोव्हा स्कोशियाकडे गेला, तीस हजारांच्या वर. तो इतका मोठा होता की १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांतच काढावा लागला. सेंट लॉरेन्स नदीकाठी आणि नायगाराकडे पलटणीच्या पलटणी शेजारी-शेजारी वसवल्या गेल्या. मोहॉकांचा पुढारी जोसेफ ब्रँट याला ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवर सहा-सहा मैलांचा पट्टा मिळाला. पॅरिसच्या तहात मात्र त्याच्या लोकांचा साधा उल्लेखही नव्हता.

जमिनीचा दर हुद्द्याप्रमाणे ठरलेला होता. शिपायाला १०० एकर, शिपायाच्या वरच्या हवालदार-सार्जंटला २००, अधिकाऱ्यांना कित्येक पटींनी जास्त, शिवाय कुटुंबातल्या दर माणसामागे ५०. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. चाकरीच्या मोबदल्यात वतन, असाच तिचा अर्थ. तीन वर्षांचा शिधाही कबूल केला होता. कागदावर कुठेही गोरा-काळा असे लिहिलेले नव्हते. मोजणीच्या वेळी मात्र तो भेद आपोआप उगवला. ज्यांची ओळख होती त्यांचे पट्टे आधी मोजले गेले. खडकाळ किनारा, दाट जंगल, मोजणीदार थोडे आणि अर्जदार हजारो. शेलबर्न या बंदराच्या गावी जवळजवळ दहा हजार लोक येऊन थडकले, आणि तिथला मोजणीदार बेंजामिन मार्स्टन हा स्वतः निर्वासित. त्याच्या रोजनिशीत या गोंधळाचे बारीकसारीक वर्णन आहे.

शेलबर्नशेजारी बर्चटाउन हे कृष्णवर्णीयांचे गाव वसले. तिथल्या ६४९ पुरुषांपैकी १८४ जणांनाच शेते मिळाली, तीही सरासरी ३४ एकरांची. बाकीचे गोऱ्यांच्या शेतावर कमी मजुरीवर राबू लागले. २६ जुलै १७८४ रोजी पलटणीतून सुटलेल्या, स्वतःही जमिनीची वाट पाहून चिडलेल्या गोऱ्या सैनिकांनी त्यांची घरे पाडली. ‘हे स्वस्तात काम करतात म्हणून आम्हाला काम मिळत नाही’, अशी त्यांची तक्रार होती. एकाच युद्धात, एकाच झेंड्याखाली लढलेली ही माणसे. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी थांबावे लागते, कारण दोन्ही बाजू फसवल्या गेलेल्या आहेत आणि त्यांतली एक आपला राग दुसरीवर काढते आहे.

पीटर्स डिग्बीजवळच्या ब्रिंडली टाउनमध्ये होता. त्याच्या वाट्याला शेत आले नाही, घरापुरती एकरभर जागा आली. शिधा थोडाच आला आणि तोही रस्त्यावर राबल्यावर. मर्फी स्टिल या आपल्या जोडीदार सार्जंटबरोबर त्याने १७८४ मध्येच गव्हर्नर पार याला अर्ज केला. काही झाले नाही. मग तो खाडी ओलांडून न्यू ब्रन्सविकला गेला. तिथे सेंट जॉन शहराच्या १७८५ च्या सनदेने कृष्णवर्णीयांना नागरिकत्वातून वगळले होते. शहरात धंदा करायची किंवा बंदरात मासे धरायची त्यांना बंदी. त्याने तिथेही अर्ज केले. सहा वर्षे अर्जच केले. शेवटी लंडन.

लंडनमध्ये जुना सेनापती क्लिंटन भेटला आणि त्याने ओळख ठेवली. गुलामगिरीविरोधी चळवळीतला ग्रॅनव्हिल शार्प भेटला. सिएरा लिओन कंपनीला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसाहतीसाठी माणसे हवीच होती. सरकारने वाहतुकीचा खर्च उचलला, नौदलाचा तरुण अधिकारी जॉन क्लार्कसन याला नोव्हा स्कोशियात पाठवले, आणि १५ जानेवारी १७९२ रोजी पंधरा जहाजे हॅलिफॅक्सहून निघाली. त्यांवर जवळपास १,२०० माणसे होती. साठाहून अधिक वाटेतच गेली. उरलेल्यांनी फ्रीटाउन वसवले. पुरुषाला २० एकर, बायकोला १०, मुलामागे ५ असा नवा शब्द त्यांना मिळाला होता. प्रत्यक्षात जमीन मिळाली ती त्याहून फार कमी, आणि पुढे कंपनीने तिच्यावर सारा बसवला.

पीटर्सला वाटत होते की ज्याने ही माणसे आणली त्याचे म्हणणे इथे चालेल. क्लार्कसनला गव्हर्नर नेमलेले होते. दोघांत ठिणगी पडली. एका मोठ्या झाडाखाली सगळ्यांना जमवून क्लार्कसनने बजावले की या झाडाला एक तर पीटर्स लटकेल किंवा मी. पुढे एका मृत वसाहतकऱ्याच्या सामानातून वस्तू घेतल्याचा आरोप पीटर्सवर आला. तो म्हणाला, त्या माणसाकडे माझे पैसे येणे होते. पंचांनी त्याला दोषी ठरवले. जून १७९२ मध्ये तापाने तो वारला. ज्या जमिनीसाठी पुन्हा पुन्हा महासागर ओलांडला, ती त्याने नांगरली नाही. लेखिकेने क्लार्कसनला खलनायक केलेले नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. तो प्रामाणिक माणूस होता, त्याने शब्द दिला आणि आपल्या मालकांनी तो पाळावा म्हणून तो भांडलाही. पण ज्यांच्यासाठी आपण झिजतो त्यांनी आपलेच ऐकावे, ही त्याची अपेक्षा होती. आणि पीटर्सने आयुष्यात इतके मालक पाहिले होते, की त्याला आणखी एक, चांगला असला तरी, नको होता.

या विषयाचा अभ्यास कसा वाढला, हेही थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेत विजेत्यांनी या लोकांना बराच काळ देशद्रोही म्हणूनच पाहिले. मेन राज्यातल्या लोरेन्झो सबाइनने १८४७ मध्ये त्यांची चरित्रे गोळा केली, तेव्हा त्याला रोष पत्करावा लागला. कॅनडात उलट झाले. १७८९ मध्ये गव्हर्नरने राजाच्या बाजूने आलेल्यांच्या वंशजांना मानाची खूण देण्याचा ठराव केला होता. पुढच्या शतकात त्यातून ‘युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट’ ही अभिमानाची परंपरा उभी राहिली, आणि एगर्टन रायर्सनसारख्या लेखकाने १८८० मध्ये त्यांना राष्ट्राचे जनक केले. या दोन्ही कथांत सैनिक होते, पण ते बहुतेक गोरे, कुलीन आणि एकमुखी.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. विल्यम नेल्सनने १९६१ मध्ये दाखवले की निष्ठावंत हे मुख्यतः अल्पसंख्याकांचे कडबोळे होते. ज्यांना बहुसंख्याकांच्या राज्याची भीती वाटे ते लांबच्या राजाकडे वळले. त्याच वर्षी बेंजामिन क्वार्ल्सने स्वातंत्र्ययुद्धातल्या कृष्णवर्णीयांवर पुस्तक लिहून एक निकष दिला : त्यांची निष्ठा कुठल्या जागेशी किंवा माणसांशी नव्हती, तत्त्वाशी होती, जो स्वातंत्र्य देईल त्याच्याकडे ते गेले. मेरी बेथ नॉर्टनने १९७२ मध्ये लंडनला गेलेल्या निर्वासितांचा एकाकीपणा मांडला. १९७६ मध्ये जेम्स वॉकरने नोव्हा स्कोशियापासून सिएरा लिओनपर्यंतचा माग काढून ‘कृष्णवर्णी निष्ठावंत’ हा शब्दप्रयोग रुजवला. १९९९ मध्ये बॅरी केहिल याने त्यावर हरकत घेतली. पळून आलेले गुलाम हे निर्वासित होते, त्यांना निष्ठावंत म्हणणे ही मागाहून चढवलेली झूल आहे, असे तो म्हणाला, आणि वाद बरीच वर्षे चालला. मला केहिलची शंका महत्त्वाची वाटते, पण पीटर्सच्या बाबतीत ती टिकत नाही. तो स्वतःच्या अर्जात स्वतःची ओळख माजी सार्जंट म्हणून करून देतो. आपली चाकरी हा आपला दावा आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. पुढे कॅसँड्रा पायबस, सायमन शामा आणि जॅसनॉफ यांनी ही हकिकत जगभर पसरलेल्या निर्वासितांच्या नकाशावर नेली.

या सगळ्यांचा मुख्य आधार म्हणजे अर्ज. लंडनमधल्या नुकसानभरपाई आयोगापुढे ३,२२५ दावे आले आणि एकंदर सुमारे तीस लाख पौंड वाटले गेले. कृष्णवर्णी दावेदार अगदी थोडे, आणि त्यांच्या पदरी जवळजवळ काही पडले नाही. अर्ज हा साक्षीदार सावधपणे ऐकावा लागतो. प्रत्येक अर्जदार पहिल्या दिवसापासून राजनिष्ठ असतो, प्रत्येकाचे नुकसान मोठे असते. तरी त्या ठरीव वाक्यांच्या मधून एखादी गाय, एखादे मोडलेले गलबत, एखाद्या भावाचे नाव डोकावते. लेखिकेचे कान या जागी तीक्ष्ण आहेत.

या हकिकतीचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो ओढून-ताणून जोडायची गरज नाही. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, पीटर्सची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत होती त्याच दिवसांत, तो हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांबरोबर श्रीरंगपट्टणाला टिपूशी तह करत होता. बोस्टनला जन्मलेल्या डेव्हिड ऑक्टरलोनीने १८०४ मध्ये यशवंतराव होळकराच्या वेढ्यात दिल्ली राखली. आणि न्यूयॉर्ककडच्या निष्ठावंत घराण्यातला विल्यम लिनियस गार्डनर तर काही काळ होळकराच्याच चाकरीत होता, मग कंपनीकडे गेला. अमेरिकेत हुकलेले नशीब ही माणसे आपल्या दारात शोधत होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून तिकडच्या गुलामांचे दुःख मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. पण त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, त्या गुलामांतल्या काहींनी आपल्या सुटकेचा सौदा स्वतः केला होता, आणि तो अमेरिकेच्या शत्रूशी केला होता, ही बाजू आपल्याकडे पोचलीच नव्हती.

हे पुस्तक आत्ता यावे यालाही कारण आहे. २०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होत आहेत आणि विजेत्यांची कथा पुन्हा मोठ्याने सांगितली जाईल. पण मला याहून जवळचे कारण वाटते ते ऑगस्ट २०२१ मधल्या काबूल विमानतळाचे. परक्या फौजेसाठी दुभाषी म्हणून वर्षानुवर्षे काम केलेली माणसे हातात शिफारसपत्रे उंच धरून कुंपणाशी उभी होती. ते चित्र पाहताना मला न्यूयॉर्कच्या त्या वहीची आठवण झाली. अल्जीरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेले हार्की १९६२ नंतर छावण्यांत कोंबले गेले, आणि फ्रान्सच्या अध्यक्षाने त्यांची क्षमा मागितली ती २०२१ मध्ये. दुसऱ्याच्या युद्धात उभ्या राहिलेल्या माणसाचे युद्ध संपल्यावर काय करायचे, हे अजून कोणत्याच साम्राज्याला नीट जमलेले नाही.

लेखिकेशी माझा एक मतभेद आहे, तो नोंदवतो. तिला पीटर्समध्ये एका राष्ट्राचा संस्थापक दिसतो. फ्रीटाउनमध्ये त्याचा पुतळा आहे, तिथला क्रिओ समाज त्याला आद्य पुरुष मानतो, तेव्हा तिच्या म्हणण्याला आधार आहेच. मला मात्र तो शेवटपर्यंत सार्जंट वाटतो : आपल्या तुकडीचा शिधा कमी भरला की वरच्याकडे जाऊन उभा राहणारा. हॅरी वॉशिंग्टनही त्याच जातीचा. १८०० मध्ये जमिनीच्या साऱ्याविरुद्ध वसाहतकरी उठले तेव्हा तो त्यांत होता, आणि त्याला फ्रीटाउनमधून नदीपलीकडे हद्दपार केले गेले. त्याचा पूर्वीचा धनी वारल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

पुस्तकाच्या शेवटी लेखिकेने नोव्हा स्कोशियातले आणि सिएरा लिओनमधले काही अर्ज मराठीत दिले आहेत. मूळ लिहिणाऱ्यांतले कित्येक उशिरा अक्षर शिकलेले. त्यांचे शुद्धलेखन कानावर चालते आणि वाक्य श्वास घेईल तिथे तुटते. तिने ते घासूनपुसून सुबक केलेले नाही. तहसील कचेरीबाहेर फळीवर बसून अर्ज लिहून देणाऱ्याची आणि तो सांगणाऱ्याची भाषा जशी एकमेकांत मिसळलेली असते, तशी मराठी तिने त्यासाठी शोधली आहे. ज्यांना युद्धाच्या हकिकतीची घाई नाही त्यांनी हे परिशिष्ट आधी वाचावे, आणि जमल्यास मोठ्याने वाचावे.